धाकटे चाखणकर गिळू लागले

कॉफीच्या त्या कंपनीत चमचे बरेच होते. पण खराखुरा चमचा कोटाच्या वरच्या खिशात बाळगणारी माणसं दोनच. दोघांचं काम एकच. आलेला माल गोदामात उतरवून घेण्याआधी त्यातला मूठभर भाजायचा, दळायचा, चव घ्यायची आणि घ्यावा की परत पाठवावा ते सांगायचं. त्यांची खरी आडनावं फक्त पगारपत्रकाला माहीत होती. बाकी सगळ्या इमारतीने त्यांना चाखणकर करून टाकलं होतं. एक थोरले चाखणकर, एक धाकटे चाखणकर. नात्यागोत्याचा काही संबंध नव्हता. थोरले थोडे आधी नोकरीला लागले होते, एवढंच.

मग थोरले निवृत्त झाले. एका जिभेने भागत असेल तर दोन कशाला पोसायच्या, असा विचार वरच्या मजल्यावर झाला आणि त्यांची जागा भरली गेली नाही. त्यामुळे धाकट्यांच्या वर आता कोणी उरलं नव्हतं, आणि खाली तर कधीच कोणी नव्हतं. तरी ते धाकटेच राहिले. साठीला टेकलेला माणूस. नेमका कोणापेक्षा धाकटा, हे विचारलं तर सांगता आलं नसतं.

चव घेण्याची खोली मागच्या बाजूला होती, ऊन थेट येणार नाही अशी. मधोमध कमरेइतकं उंच टेबल, त्यावर पांढऱ्या वाट्यांच्या रांगा. प्रत्येक वाटीत दळलेली कॉफी, वरून उकळी उतरलेलं पाणी. थोड्या वेळाने वर जाड थर धरतो. त्याला ते साय म्हणत, खाली दूध नसलं तरी. ती चमच्याने फोडायची, नाक वाटीत बुडेल इतकं वाकून वास घ्यायचा, फेस काढून टाकायचा, आणि मग चमचाभर कॉफी ओठांशी नेऊन अशी ओढायची की शेजारच्या खोलीतल्याला वाटावं, इथे कोणीतरी कपाट सरकवतंय. हा आवाज म्हणजे या कामातला गावंढळपणा नव्हे, ते हत्यार आहे. जोरात ओढलं की घोट तोंडभर फवाऱ्यासारखा उडतो आणि जिभेला कळायचं ते जिभेला, नाकाला कळायचं ते नाकाला कळतं. क्षणभर घोळवायचा. आणि थुंकायचा.

गिळायचा नाही. हा पहिला नियम. "पोटाला चव कळत नाही, मग त्याला कशाला मधे घ्यायचं?" असं थोरल्यांनी धाकट्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. टेबलाच्या दोन्ही अंगांना त्यासाठी दोन पितळी पिकदाण्या होत्या, कमरेपर्यंत येणाऱ्या, वर कर्ण्यासारखं तोंड असलेल्या. म्हणूनच या धंद्यातला माणूस 'मी कॉफी पीत नाही' असं म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. धाकट्यांच्या घरी कॉफीचा डबाच नव्हता. बायको होती तोवर कोणी पाहुणे आले की ती सांगायची, "कॉफी नाही हो आमच्याकडे. हे कॉफीच्या कंपनीत आहेत ना." पाहुणे बुचकळ्यात पडायचे. तिला हा विनोद आहे हे माहीत होतं की नव्हतं, ते धाकट्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, आणि आता विचारायची सोय नव्हती.

थोरल्यांच्या थुंकण्याला भाषा होती. आखूड, ठण्णकन वाजलं की माल चांगला. लांब, ओघळतं असलं की माल गेला. आधी नाकातून हुंकार आणि मग थुंकणं, म्हणजे 'पुन्हा एकदा घेऊन बघ'. धाकटे पलीकडून त्यांच्या पिकदाणीतून उत्तर द्यायचे. तीसेक वर्षांत हे दोघं एकमेकांशी जेवढं बोलले त्याहून अधिक थुंकले, आणि गैरसमज झाले ते बोलण्यात झाले.

थोरले गेल्यावर पहिल्या सकाळी धाकट्यांनी एकट्याने वाट्या मांडल्या. ओढलं, घोळवलं, थुंकलं. पितळेने ठण्ण केलं. पलीकडून काही आलं नाही. रिकाम्या घरात आपल्याच हातून दार आपटावं आणि आपणच दचकावं, तसं त्यांना झालं. दुपारी हिशेब खात्यातली नवी मुलगी काही विचारायला आली, ती नेमकी थुंकण्याच्या क्षणी. तिने दार उघडलं, पाहिलं, आणि अर्धवट लावून घेत म्हणाली, "सॉरी हं. मला वाटलं तुम्हाला बरं नाहीये."

दोघं थुंकत होते तोवर तो व्यवसाय होता. एकटा थुंकायला लागल्यावर ती सवय दिसायला लागली.

मग असं झालं की बाहेर पावलं वाजली तर धाकटे तो घोट गिळून टाकायचे. पुढे पावलं वाजतील असं वाटलं तरी गिळायचे. नंतर पावलांची गरज उरली नाही. हे त्यांनी ठरवलं नव्हतं. माणूस एकटा जेवायला लागला की ताट न घेता पातेल्यातूनच खायला लागतो, तेही कुठे ठरवून करतो? पिकदाणी कोरडी राहते आहे हे साफसफाईच्या मावशींच्या लक्षात आलं. काम कमी झालं असेल, असा त्यांनी अर्थ लावला आणि धंद्याच्या भवितव्याविषयी थोडी हळहळ मनातल्या मनात व्यक्त करून त्या पुढच्या खोलीकडे वळल्या.

चमचाभरच तर जातं. पण वाट्या पन्नास-साठ, आणि प्रत्येक वाटीची चव तीनदा घ्यायची: गरम असताना, कोमट झाल्यावर आणि पार गार पडल्यावर. ते चमचे एका भांड्यात ओतले असते तर संध्याकाळपर्यंत लिटरभर कॉफी भरली असती. कडक, दुधाविना, साखरेविना. ती भांड्यात न जाता धाकट्यांच्या पोटात जात होती, आणि पोटाला चव कळत नसली तरी बाकी बरंच काही कळतं.

आधी झोप गेली. मग छातीत धडधड सुरू झाली, जिना न चढताही जिना चढल्यासारखी. हाताचे तळवे ओले राहायला लागले. सारखं लघवीला जावं लागायचं. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे एक कारण नसलेली धास्ती. बसमध्ये उभे असताना त्यांना वाटायचं, आता कोणीतरी आपल्याला मागून हाक मारणार आणि वाईट बातमी सांगणार. फोन वाजला की उचलण्याआधी ते खुर्चीत बसून घ्यायचे. फोन बहुधा बँकेचा असायचा, कर्ज हवंय का विचारणारा, आणि धाकट्यांना त्या मुलाचे आभार मानावेसे वाटायचे.

मग एका दुपारी त्यांना चमच्यातली कॉफी थरथरताना दिसली.

त्यांनी चमचा खाली ठेवला आणि हाताकडे पाहिलं. तो हात त्यांच्या ओळखीचा होता. त्यांचे वडील शिंपी होते. पन्नाशीनंतर त्यांचा उजवा हात कापायला लागला, आणि शाळेतून आल्यावर सुया ओवून ठेवायचं काम धाकट्यांकडे आलं. दहा सुया ओवून उशीला टोचून ठेवायच्या, म्हणजे वडिलांचा दुसरा दिवस निघायचा. पुढे सुया ओवून उपयोग राहिला नाही. कंपवात, असं डॉक्टर म्हणाले. शेवटी शेवटी वडिलांना स्वतःच्या शर्टाची बटणं लावता येत नव्हती. शिंप्याला. आई समोर बसून घास भरवायची, आणि वडील दर घासाला डोळे मिटून घ्यायचे.

तेव्हा धाकट्यांना कारण शोधावं लागलं नाही. ते तयारच होतं. कॉफीने माणसाचा हात थरथरतो हे त्यांना का माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं. पण ते पिणाऱ्यांचं. आपण चाखणारे.

याच सुमारास त्यांच्या मुलीला मुलगी झाली. मुलगी बसने तीन तासांच्या अंतरावर दुसऱ्या शहरात राहायची. एकुलती एक. बाळ तीन आठवड्यांचं असताना धाकटे जाऊन आले. जावयांनी पाणी आणून दिलं आणि पेला बशीवर असा वाजायला लागला की त्यांनी तो न पिताच खाली ठेवला. तेवढ्यात मुलगी आतून दुपट्यात गुंडाळलेलं गाठोडं घेऊन आली.

"घ्या बाबा."

"नको. सर्दी आहे मला."

"कुठे आहे सर्दी? नाक तर कोरडं आहे."

"होणार आहे."

मुलगी हसली, पण अर्धवटच. तिने बाळाचा चेहरा त्यांना लांबून दाखवला, दुकानात वरच्या फळीवरची वस्तू दाखवावी तसा. धाकट्यांनी दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले आणि "छान आहे" असं म्हटलं. बाळाला मान धरता येत नव्हती आणि आजोबांना हात. परतीच्या बसमध्ये ते हात मांडीखाली दाबून बसले.

त्यानंतर दर पंधरवड्याला मुलीचा फोन यायचा आणि धाकट्यांना काहीतरी असायचं. नवा माल आलाय. गुडघा धरलाय. बस बंद आहेत, असंही एकदा म्हणाले. बस बंद नव्हत्या, आणि हे मुलीलाही माहीत होतं.

"बाबा, ती आता मान धरते," मुलगी एकदा म्हणाली.

"वा."

"आवाजाकडे बघते."

"चांगलं आहे."

पलीकडे बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतल्याचा आवाज आला. मग, "बाबा, ती तुम्हाला आवडली नाही का?"

"तसं काही नाही गं," एवढंच धाकटे म्हणाले. खरं सांगितलं तर ती काय करेल हे त्यांना दिसत होतं. ती त्यांना आपल्या घरी नेईल. एका बाजूला बाळ, एका बाजूला ते, आणि मधे मुलगी चमचा घेऊन, एकदा या तोंडात, एकदा त्या तोंडात. आईचा चेहरा त्यांनी जवळून पाहिला होता; तो मुलीच्या चेहऱ्यावर आलेला त्यांना बघायचा नव्हता. त्यापेक्षा निष्ठुर आजोबा झालेलं परवडलं. निष्ठुर माणसाला निदान कोणी भरवायला येत नाही.

तरी ते डॉक्टरकडे गेले. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई बसायच्या, बोलायला मोकळ्या आणि रांग लांब असल्यामुळे घाईत. त्यांनी हात मांडीवर ठेवायला सांगितले. हात स्वस्थ पडून राहिले. पुढे धरायला सांगितले. बोटं थरथरायला लागली. धाकट्यांनी वडिलांच्या कंपवाताचं सांगितलं.

"वडिलांचा कसा कापायचा? हात नुसता पडलेला असताना, की काही उचलताना?"

"आठवत नाही," धाकटे म्हणाले. आठवत होतं. वडिलांचा हात मांडीवर पडल्या पडल्या कापायचा, आणि कात्री उचलली की पहिल्या पहिल्यांदा उलट जरा थांबायचा. पण भीती एकदा पक्की बसली की असल्या बारीकसारीक पुराव्यांना ती दारात उभं करत नाही.

"मला तरी हा तो आजार वाटत नाही. तरी तपासण्या करू. सिगारेट?"

"नाही."

"दारू?"

"नाही."

"चहा-कॉफी किती?"

"पीत नाही."

"अजिबात?"

"अजिबात."

"काम काय करता?"

"कॉफीच्या कंपनीत आहे."

"म्हणजे हिशेब वगैरे?"

"वगैरे," धाकटे म्हणाले. चव घेतो असं सांगितलं की लोक पुढचा अर्धा तास आपण कोणती कॉफी पितो आणि ती कशी अप्रतिम असते हे सांगत बसतात, हा त्यांचा अनुभव होता. बाहेर रांग होती. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला पाठवलं. रक्तात काही निघालं नाही. काही निघालं नाही याचा अर्थ धाकट्यांनी असा लावला, की जे आहे ते रक्तात दिसण्याइतकं साधं नाही.

एक गोष्ट मात्र त्यांच्या नजरेतून निसटली. रविवारी त्यांचा हात बराच बरा असायचा. उलट रविवारी डोकं दुखायचं, दुपारपासून कपाळाच्या मागे कोणीतरी लाकूड कापत असल्यासारखं, आणि अंगात जडपणा भरायचा, की खुर्चीतून उठून दिवा लावणंही नको वाटायचं. याचंही कारण त्यांच्याजवळ होतं. रविवारी घरात दुसरं माणूस नाही हे जास्त जाणवतं. त्याने डोकं दुखतं. कारण चुकीचं होतं, पण निरीक्षण खोटं नव्हतं. सोमवारी दुसऱ्या-तिसऱ्या वाटीला डोकं उतरायचं आणि त्यांना वाटायचं, कामात मन रमलं.

थोरले आले ते एका मंगळवारी, सकाळी, न कळवता. निवृत्तीनंतर ते मुलाकडे राहत, शहराच्या दुसऱ्या टोकाला. दारवानाने ओळखून सलाम केला, साफसफाईच्या मावशींनी "बारीक झालात" असं सांगितलं, आणि थोरले खोलीच्या दारात उभे राहिले. कोटाच्या वरच्या खिशात चमचा होता.

"या म्हणणार आहेस, की चिठ्ठी पाठवू वरती?"

"अहो, या या! अचानक कसे?"

"घरातून पळून आलो. सूनबाई चांगल्या आहेत, काही म्हणायचं नाही. पण सूप पिताना आवाज करू नका म्हणतात, पोरं शिकतात. अरे, तीस वर्षं मला आवाज करण्याचा पगार मिळाला! आता मी सूप असं पितो, जसं काही चोरी करतोय." त्यांनी चमचा काढून रुमालाने पुसला. "काय आहे आज?"

"दोन नवे आलेत. एक बरा वाटतोय."

"बघू."

त्यांनी आपली जुनी बाजू घेतली. धाकट्यांनी साय फोडली. दोघं वाकले, दोघांनी वास घेतला. मग थोरल्यांनी ओढलं. वयाने त्यांचे गुडघे घेतले होते, पण फुफ्फुसांना हात लावला नव्हता. खिडकीची काच दणाणली. धाकट्यांनी ओढलं. थोरल्यांनी आखूड, ठण्णकन थुंकलं. चांगला माल.

आणि थांबले. चमचा हातातच.

"तुझं?"

"काय माझं?"

"उत्तर कुठे आहे?"

"थुंकलो की."

"धाकट्या, माझे गुडघे गेलेत. कान नाही गेले."

थोरले टेबलाला वळसा घालून, एका हाताने कड धरत, त्यांच्या बाजूला आले. पिकदाणीत डोकावले. बोट आतून फिरवलं आणि कोरडं बोट धाकट्यांच्या नाकासमोर धरलं.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"गिळतोयस कधीपासून?"

धाकट्यांनी तोंड उघडलं ते नाही म्हणायला. पण शब्द यायच्या आधी जीभ टाळ्याला लागली, आणि घशात आत्ताच्या घोटाची वाट त्यांना स्पष्ट जाणवली, कडवट, कोमट, खाली उतरलेली. ते स्वतःच दचकले. सकाळपासूनच्या सगळ्या वाट्या त्यांनी डोळ्यांसमोर आणल्या. मग कालच्या.

"हात दाखव," थोरले म्हणाले. हात पुढे आला आणि थरथरला. "हे रे काय?"

"वडिलांचं आहे ते. कंपवात."

"तुझे वडील दिवसाला साठ वाट्या पीत होते?"

"मी कुठे पितो? मी तर..."

"चाखतो. हो. मीच शिकवलंय." थोरले स्टुलावर बसले. "चाखणाऱ्याचं पिकदाणीत जातं, बाबा. पोटात गेलं की त्याला पिणं म्हणतात. ते मी वेगळं शिकवायला हवं होतं का?"

मागे भट्टीवरचा पंखा घरघरत होता. धाकटे वाटीतला फेस उगाच बाजूला करत राहिले.

"थुंकायला काय झालं होतं तुला?"

धाकटे वाटीकडे बघतच म्हणाले, "एकट्याने थुंकवत नाही हो."

थोरले उठले, आपल्या बाजूला गेले, त्याच वाटीतून पुन्हा चमचाभर ओढलं आणि थुंकले, लांब, ओघळतं. माल चांगला होता. ते थुंकणं मालाविषयी नव्हतं, एवढं दोघांनाही कळलं. पलीकडून धाकट्यांनी उत्तर दिलं. पितळ ठण्ण वाजलं. इतक्या दिवसांनी तो आवाज ऐकून मावशी झाडू हातात घेऊन दारापर्यंत आल्या आणि धंदा सावरला असं समजून परत गेल्या.

दुसऱ्या दिवशी धाकटे दवाखान्यात गेले आणि सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

"तुम्ही मला सांगितलंत, अजिबात पीत नाही."

"पीत नव्हतोच. म्हणजे, तशी समजूत होती."

त्या रागावणार होत्या, पण त्यांना हसू आलं, आणि मग रांग विसरून त्या समजावत बसल्या. "जागेपणी मेंदूत थकव्याचा निरोप साठत जातो. 'आता पुरे, झोपा' असा. त्या निरोपासाठी आत एक खुर्ची असते. कॉफी काय करते, स्वतःच त्या खुर्चीत जाऊन बसते. निरोप्या दारात ताटकळतो. थकवा गेलेला नसतो, फक्त कळत नसतो. आणि इतकी कॉफी गेली की शरीराला वाटतं, काहीतरी संकट आलंय. मग ते तयारी करतं. छाती धडधडते, तळवे ओले होतात, नसा ताणून धरल्यासारखा हात थरथरतो, आणि मन कारण शोधत बसतं, की नेमकं संकट आहे तरी कुठलं. दुपारी घेतलेल्या कॉफीतली निम्मी संध्याकाळी उशिरापर्यंत अंगात असते. झोप येणार कुठून?"

"म्हणजे ती धास्ती..."

"बरीचशी कॉफीची असणार. एकदम बंद करू नका. हळूहळू कमी करा, नाहीतर डोकं दुखेल."

"दुखतंच. दर रविवारी."

"सुट्टीच्या दिवशी कॉफी मिळत नाही म्हणून."

"मला वाटलं, रविवार आहे म्हणून," धाकटे म्हणाले.

त्यावर द्यायला डॉक्टरीणबाईंजवळ गोळी नव्हती. "महिनाभराने या. हात तेव्हा बघू. तेव्हाही कापत असेल तर मोठ्या डॉक्टरांकडे पाठवते."

धाकटे पुन्हा थुंकायला लागले. आधी निम्म्या वाट्या, मग सगळ्या. पहिले काही दिवस डोकं रोजच रविवारसारखं दुखलं. मग झोप आली, आणि आली ती मागची सगळी थकबाकी वसूल करायला आल्यासारखी. संध्याकाळी ते बूट काढायला खुर्चीत बसायचे आणि एक बूट पायात असतानाच घोरायला लागायचे. धडधड ओसरली. मागून कोणी हाक मारणार असं वाटेनासं झालं.

आणि इथे एक गोष्ट झाली, जी डॉक्टरीणबाईंनी सांगितली नव्हती. ती धास्ती म्हणजे कशीही का असेना, एक सोबत होती. कोणीतरी हाक मारणार आहे असं वाटत होतं, म्हणजे निदान कोणीतरी होतं. छाती धडधडायची तेव्हा घरात काहीतरी वाजत होतं. आता घर अगदी शांत झालं. नळ नीट बंद व्हायचा. शेजारचे लोक दार लावून घ्यायचे. धाकटे खुर्चीत बसायचे, हात मांडीवर, आणि हात काही करायचे नाहीत. आजार गेला तेव्हा त्यांना कळलं, की आजाराच्या मागे काय उभं होतं. ते कॉफीचं नव्हतं.

महिना झाल्यावर त्यांनी घरातली सगळ्यात नाजूक बशी घेतली, तिच्यावर पेला ठेवला, पेला काठोकाठ भरला, आणि स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत नेला. वाजला नाही. परत नेला. मग त्यांनी स्वतःहून मुलीला फोन केला.

"या रविवारी येऊ का?"

"बस चालू झाल्या वाटतं?" मुलगी म्हणाली.

"झाल्या."

ते गेले. मुलगी त्यांच्याशी बोलली ते परक्या पाहुण्यांशी बोलावं तसं, नीटनेटकं. पाणी दिलं. बाळ तिच्या कडेवर होतं; आता ते गाठोडं उरलं नव्हतं, मान ताठ धरून खोलीत कोण नवीन आलंय याची चौकशी करत होतं. तिने बाळ पुढे केलं नाही. एकदा पुढे केलेलं परत आलं की माणूस पुन्हा पुढे करत नाही.

"दे," धाकटे म्हणाले.

"सर्दी?"

"होऊन गेली."

मुलगी थांबली. धाकट्यांनी कोट काढला, दोन्ही हात पुढे केले, आणि ते हात थरथरले नाहीत. मग त्यांनी सगळं सांगितलं, वडिलांच्या सुयांपासून कोरड्या पिकदाणीपर्यंत, वाट्या मांडत गेल्यासारखं एकामागून एक. मुलगी ऐकता ऐकता आधी रागावली, मग रडली, मग म्हणाली, "म्हणजे तुम्ही घरात कोणी नाही म्हणून कॉफी गिळत होता, आणि कॉफी गिळत होता म्हणून आमच्याकडे येत नव्हता?"

"असं एका वाक्यात सांगितलं तर फारच मूर्खपणा वाटतो," धाकटे म्हणाले.

"दहा वाक्यांत सांगितलं तरी वाटतो, बाबा." आणि तिने बाळ त्यांच्या हातात दिलं.

बाळाचं वजन होतं. हे त्यांना अनपेक्षित होतं. नुकतंच दूध प्यायलेलं ते बाळ त्यांच्या खांद्याशी मान ताणून त्यांच्या कानाकडे बघत राहिलं, तोंडातल्या तोंडात काहीतरी घोळवलं, आणि शर्टावर थुंकलं.

"अगं बाई! द्या इकडे, पुसते."

"राहू दे," धाकटे म्हणाले.

मुलीने राहायचा आग्रह केला. सकाळी माल येणार होता, आणि या वेळी तो खरंच येणार होता. दुपारच्या बसने ते परतले. खांद्यावर डाग वाळून कडक झाला होता आणि शेजारी बसलेला माणूस वासाने जरा सरकून बसला. घरी आल्यावर त्यांनी दिवा लावला आणि थोरल्यांना फोन केला.

"हात?"

"ठीक. घेतलं तिला."

"काय म्हणते?"

"थुंकली अंगावर."

थोरल्यांनी विचार केला. "आखूड की लांब?"

"आखूड."

"मग घेऊन टाक माल," थोरले म्हणाले.

त्यानंतर दोघांजवळ बोलायला काही नव्हतं. फोनवर बोलण्याची त्यांना कधी सवयच नव्हती. थोरल्यांच्या घरात मागे कुठेतरी ताटं मांडली जात होती आणि कोणीतरी कोणाला तरी हळू बोल म्हणून सांगत होतं. धाकट्यांच्या घरात काही वाजत नव्हतं. फोन ठेवतो असं दोघांपैकी कोणी म्हणालं नाही, आणि बराच वेळ कोणी ठेवलाही नाही.